पहिल्या नंबरची बर्फवाली

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात खवय्यांनी कुठे जेवावं याची यादी एका मोठ्या मासिकात छापून आली, तेव्हा पहिल्या नंबरावर वर्नेल टगलचं नाव होतं. नदीकाठची पांढऱ्या मेजपोसांची हॉटेलं तिसऱ्या-चौथ्या नंबरावर घसरली आणि वर्नेलची बारा टेबलांची खानावळ सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. तिच्या बटाट्याच्या सॅलडसाठी माणसाने विमानाचं तिकीट काढावं, असं मासिकाने लिहिलं होतं. लोक खरंच काढू लागले. सकाळी दहापासून फुटपाथवर रांग लागायची, आणि ऊन डोक्यावर आलं तरी रांगेतली माणसं एकमेकांचे फोटो काढत हसत उभी असायची.

त्याच आठवड्यात वर्नेलच्या चर्चमध्ये एक माती होती. मातीनंतरच्या जेवणाला कुणी काय आणायचं, याचा कागद भोजन समितीच्या प्रमुख सिस्टर ड्रुसिला बेट्स यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवर लावला; या चर्चमध्ये बायकांना सिस्टर आणि पुरुषांना ब्रदर म्हणत. तळलेली कोंबडी एकीकडे, मॅकरोनी दुसरीकडे, पालेभाजी तिसरीकडे, बटाट्याचं सॅलड खुद्द सिस्टर ड्रुसिलांकडे. सगळ्यात शेवटची ओळ होती: बर्फ, वर्नेल टगल.

भोजन समितीचा हा कागद म्हणजे त्या चर्चमधला शेवटचा न्याय. ज्या बाईच्या हातावर विश्वास आहे तिला कोंबडी मिळते. जिचा हात जरा कच्चा, तिला पाव. त्याहून खाली कागदी ताटल्या. आणि बर्फ अशा बाईला, जिच्या हाती समिती खाण्याची कुठलीच वस्तू देणार नाही. बर्फ कुणाला बिघडवता येत नाही.

वर्नेलला बर्फ मिळाला तो एक्क्याण्णव सालच्या जुलैत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका डीकनची माती होती, रेव्हरंड लॉसन यांचं प्रवचन लांबलं, आणि वर्नेलचं बटाट्याचं सॅलड दोन तास गाडीत उन्हात राहिलं. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं आडवी झाली. त्यांत रेव्हरंड स्वतः होते आणि गायनवृंदातल्या चार बायका. पुढच्या रविवारी भजनाला खालचा सूरच नव्हता. कुणाचं काही बरंवाईट झालं नाही, बुधवारपर्यंत सगळे हिंडू-फिरू लागले. पण वर्नेलच्या नावापुढे बर्फ लिहिला गेला तो लिहिलाच गेला. भावाला सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा, हे रेव्हरंड लॉसन वर्षातून दोनदा तरी सांगत. बटाट्याचं सॅलड त्या हिशेबात धरलेलं नसावं.

तेव्हा ती चौतिसाची होती, आता सदुसष्टाची. खानावळ तिने काढली ती पोटासाठी, असं ती सांगे. खरं म्हणजे समितीच्या नाकावर टिच्चून काढली. सगळं शहर येऊन जेवून गेलं, महापौर येऊन गेले, चर्च मात्र फिरकलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर फुकटसुद्धा खपत नव्हतं.

रविवारी ती मासिक घेऊन सिस्टर ड्रुसिलांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. ड्रुसिलांनी चष्मा लावला, पान सावकाश वाचलं, फोटो जवळ धरून पाहिला. मग मासिक मिटून परत दिलं.

"फोटो छान आलाय गं," त्या म्हणाल्या. "शनिवारी बर्फ जरा लवकर आण."

"सिस्टर, सबंध देशातून लोक येतात माझं सॅलड खायला."

"येतील की. पैसे मोजलेला माणूस नावं ठेवत नाही, ठेवली तर त्याचेच पैसे वाया जातात. फुकट जेवणारा खरं बोलतो. माझ्या टेबलावर सगळे फुकट जेवतात."

यावर वर्नेलला उत्तर सुचलं, पण दुसऱ्या दिवशी, कांदे चिरताना.

ऑगस्टमध्ये सिस्टर ड्रुसिला गेल्या, त्र्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. वर्नेल रडली, आणि खोटं रडली नाही. तेहेतीस वर्षं जिच्यावर रोज मनातल्या मनात चरफडायचं ती बाई एकाएकी नाहीशी झाली की हात रिकामे वाटतात. पण रडून झाल्यावर तिच्या मनात एक विचार आला आणि त्याची तिला लाजही वाटली. आता कागद कोण लिहिणार?

कागद ड्रुसिलांनीच लिहून ठेवलेला होता. कुठला झगा घालायचा, कुठली भजनं म्हणायची, कुणाला अजिबात गाऊ द्यायचं नाही, आणि जेवणाला कुणी काय आणायचं. रेव्हरंड लॉसन यांनी तो समितीपुढे वाचून दाखवला. बटाट्याचं सॅलड भाची टॉनेटने करायचं, आत्याच्या कृतीने, आत्याच्या पिवळ्या भांड्यात. आणि शेवटी: बर्फ, वर्नेल टगल, या वेळी दुप्पट, ऑगस्ट आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. समितीतल्या बायकांनी डोळे पुसत माना डोलावल्या. वर्नेलनेही डोलावली.

मातीच्या दिवशी सकाळी सहाला खानावळीच्या काचेवर टकटक झाली. टॉनेट उभी होती. अटलांटात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली, पन्नाशीची, एरवी फार नीटनेटकी बाई. आज ब्लाउजवर अंड्याचा पिवळा डाग होता. हातात पिशवी, पिशवीत पिवळं भांडं.

तिने तीनदा करून पाहिलं होतं. तिन्ही वेळा बटाट्याची खळ झाली होती. आत्याची कृती तिने पुढे केली. कागदावर लिहिलं होतं: मेयोनेज थोडं, साखर पुरेशी, कळेल तेव्हा थांब.

"मला काही कळतच नाही, मिस वर्नेल," टॉनेट म्हणाली. "मला धड अंडं उकडता येत नाही. आत्याला हे माहीत नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी दुकानातून आणून डबा बदलायचे."

वर्नेलने भांड्याकडे पाहिलं. चर्चमध्ये ते भांडं न ओळखणारं पोरही नव्हतं. टेबलावर ते दिसलं की कुणाचं सॅलड हे विचारावं लागत नसे, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय त्या हॉलमध्ये कुणी बटाट्याला चमचा लावत नसे. तिच्या मनात बेत तयार झाला. आधी पोटभर खाऊ द्यायचं. मग उठून सांगायचं. खाल्लेलं काही परत काढता येत नाही, आणि आवडलेलं तर नाहीच.

टॉनेटने काकुळतीला येऊन विचारलं, "कुणाला कळणार नाही ना?"

"जेवण होईपर्यंत नाही," वर्नेल म्हणाली. टॉनेटने पहिले दोन शब्द नीट ऐकले नसावेत, कारण तिने वर्नेलला मिठीच मारली.

साखरेच्या कृतीचा कागद वर्नेलने बाजूला ठेवला आणि आपलं सॅलड केलं. मोहरीची चटणी सढळ हाताने, साखर नाही, बटाटे गरम असतानाच व्हिनेगर, वर लाल पूड. मासिकाने ज्याच्यासाठी विमानाचं तिकीट काढायला सांगितलं होतं तेच. आणि पिवळं भांडं तिने बर्फाच्या पेटीत गळ्यापर्यंत पुरून चर्चला नेलं. बर्फाच्या बाबतीत तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं.

जेवणाच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि माणसं घामाने निथळत होती. रांग पुढे सरकली, पिवळ्या भांड्यापाशी आली, थबकली. एका बाईने ओठांवर हात ठेवला. "बघा, जाताना भांडं मागे ठेवून गेली," ती म्हणाली, आणि तिने भरघोस वाढून घेतलं. मग सगळ्यांनीच घेतलं. रेव्हरंड लॉसन यांनी दोनदा. हुबेहूब ड्रुसिलाचा हात, असं कुणीतरी म्हटलं, आणि मग टेबलामागून टेबल तेच म्हणू लागलं. काही जणी खाता खाता रडत होत्या. टॉनेटच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

वर्नेल पेल्यांत बर्फ टाकत होती. तिला आनंद होत होता, आणि तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

रेव्हरंड लॉसन पेला वाजवून उभे राहिले. सिस्टर ड्रुसिलांबद्दल चांगलं बोलले. मग त्यांची नजर वर्नेलकडे गेली.

"हल्ली पहिला नंबर मासिकं देतात," ते म्हणाले. "देऊ देत बापडी. आपला पहिला नंबर त्या पिवळ्या भांड्यात आहे. वर्नेल, राग मानू नकोस, पण थोडं घरी घेऊन जा. शिकायला वयाची अट नसते."

हॉलभर हसू पसरलं. प्रेमळच हसू होतं, आणि म्हणून जास्त लागलं. वर्नेलने बर्फाचा चिमटा खाली ठेवला.

"रेव्हरंड, ते सॅलड मी केलंय. आज सकाळी. माझ्या खानावळीत."

पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. एका बाईने चमचा खाली ठेवला, विचार केला, आणि परत उचलला. रेव्हरंड चालत आले आणि त्यांनी वर्नेलच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले. मागच्या टेबलावरून आवाज आला, "मासिकात नाव आल्यापासून हिचं हे असंच चाललंय. आता मेलेल्या बाईचं सॅलडसुद्धा हिचंच."

सगळ्यांनी टॉनेटकडे पाहिलं. टॉनेटने ताटलीत पाहिलं. "आत्याची कृती आहे," ती म्हणाली, आणि पाणी प्याली.

मग सगळ्यांची नजर ब्रदर होरेसकडे वळली. ड्रुसिलांचा नवरा, शहाऐंशी वर्षांचा; सत्तावन्न वर्षं त्याने ते सॅलड खाल्लं होतं. त्याच्याइतका साक्षीदार दुसरा कोण? होरेसने तोंडातला घास चावून गिळला आणि ताटली पुढे केली.

"आणखी वाढा जरा," तो म्हणाला.

निकाल लागला. हॉल परत बोलू लागला. वर्नेलने बर्फ वितळलेल्या दोन पेट्या उचलल्या आणि ती मागच्या अंगणात गेली. पेट्यांतलं पाणी तिने गवतावर ओतलं. तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं, अपमानाचंही नव्हतं. अकरा माणसं आडवी झाली तेव्हा सॅलड आपण केलंय हे तिचं म्हणणं सगळ्यांनी लगेच खरं मानलं होतं, याचं होतं.

काठीचा आवाज आला. ब्रदर होरेस होता. त्याच्या हातात चंदेरी कागदात बांधलेली ताटली होती, चांगली जड. पायरीवर बसायला त्याला बराच वेळ लागला.

"ड्रुसिला साखर घालायची," तो म्हणाला. "पुरेशी म्हणायची. मूठभर असायची."

वर्नेलने पेटीतले उरलेले थेंब झटकले.

"सत्तावन्न वर्षं, वर्नेल. मला गोड बटाटे कधी आवडले नाहीत."

"तिला सांगितलं नाहीत?"

"ती समितीची प्रमुख होती. घरातसुद्धा."

वर्नेलने पेटी खाली आपटली. "मग आत का गप्प बसलात? तुमच्या एका शब्दावर सगळे गप्प झाले असते."

होरेसने बुटावर चिकटलेलं गवत काठीने झटकलं. "आज तिची माती आहे," तो म्हणाला. "आणि मला पुढचे रविवार याच लोकांत काढायचेत." मग त्याने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुझ्याकडे हे रोज असतं का?"

"रोज."

"मागचं दार आहे ना तुझ्या खानावळीला? गुरुवारी दुपारी येईन मी. टॉनेटला सांगू नकोस, रेव्हरंडना तर नकोच."

तेहेतीस वर्षं या चर्चमधल्या एका माणसाने तरी आपल्या दारी यावं, म्हणून ती झुरली होती. आता एक जण आपण होऊन येतो म्हणत होता. वर्नेलने पदराने डोळे पुसावेत तसे एप्रनने पुसले.

"ब्रदर होरेस, तुमच्या आईने आणि माझ्या आईने या गावातल्या गोऱ्यांच्या घरी मागच्या दारांनी आयुष्यभर ताटं वाहिली," ती म्हणाली. "माझ्याकडे मागच्या दाराने फक्त बटाटे येतात. तुम्ही पुढून या. खिडकीजवळचं टेबल देईन, पैसे घेणार नाही. पण पुढून या."

खिडकीजवळचं टेबल रस्त्यावरून दिसतं, आणि गुरुवारी दुपारी समितीच्या बायका त्याच रस्त्याने प्रार्थनेला जातात. होरेसने दोन्ही गोष्टींचा नीट विचार केला. तो काठीवर भार देऊन उठला, ताटलीचा चंदेरी कागद त्याने कडेने पुन्हा घट्ट दाबला, आणि ती छातीशी धरली.

"मग हेच जरा पुरवून खायला हवं," तो म्हणाला, आणि हळूहळू आत गेला.