जावईबापूंची खीळ

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी दिसायला अगदीच सामान्य आहे. मी एक जुनी लोखंडी खीळ आहे. लांबीला तुमच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीएवढी, डोक्याला एक कडी, आणि त्या कडीत एकेकाळी लालभडक असलेली कापडी फीत. रस्त्यात पडलेली दिसले तर तुम्ही मला पायाने उडवाल. पण एके दिवशी दोन अख्खे देश माझ्यापायी श्वास रोखून बसले होते. आता सांगा, तुमच्या ओळखीत अशी दुसरी कुणी खीळ आहे का?

माझा जन्म एका कारखान्यात लेथवर झाला. मला घासलं, मापलं, पुन्हा घासलं. एका शिंपिणीने फितीला दुहेरी शिवण घातली आणि दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "जा बाई, कुणाच्या तरी उपयोगी पड." मला वाटलं, एखाद्या दाराची कडी होईन. कुठलं काय! मला नेलं लष्कराच्या तळावर, आणि एका अवाढव्य ट्रकच्या कुशीत, एका क्षेपणास्त्राच्या बुडाशी असलेल्या भोकात खोचलं.

माझं काम ऐकायला सोपं आहे. नियंत्रण खोलीत कुणी बटण दाबलं की ट्रकच्या आत एक दांडा पुढे सरकतो आणि क्षेपणास्त्र पेटवतो. मी त्या दांड्याच्या वाटेत आडवी. मी असेपर्यंत दांडा माझ्यावर येऊन आदळतो, 'खट्' आवाज होतो, खोलीत हिरवा दिवा लागतो, आणि सगळे चहाला जातात. दर आठवड्याला अशी रंगीत तालीम व्हायची. उलटी गिनती खरी, बटण दाबणं खरं, फक्त पुढचं उड्डाण तेवढं माझ्यामुळे होत नसे. सरावासाठी क्षेपणास्त्राच्या नाकाडात स्फोटकांऐवजी वाळू भरलेली असे. तरी पोटातलं इंधन खरंच होतं बरं का.

आमच्या ट्रकचे फिटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी क्षेपणास्त्राचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं. "रोज अंघोळ घाला, तेल लावा, ऊन लागू देऊ नका. काम म्हणाल तर काडीचं नाही. आणि रुसून निघाले की घराचा सत्यानाश," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

नव्या अधिकारी मॅडम रुजू झाल्या तेव्हा मामांनी त्यांना पहिला धडा दिला तो माझा. "मॅडम, आधी हिला हात लावायचा, मग जावयाला."

"आणि ही नसेल तर?"

"तर जावयाच्या जवळपास फिरकायचंच नाही."

त्या दिवसापासून मॅडम रोज सकाळी माझ्या डोक्यावर दोन बोटं ठेवायच्या. मित्रांनो, एवढा मान कुठल्या खिळीला मिळतो? मी मनातून फुगून जायचे.

पण मान फार काळ टिकत नाही. ऊन, धूळ आणि ग्रीस यांनी माझी फीत काळपट पडली. नवी मागवायची तर कुणाच्या लक्षात राहीना. अशातच तळावर मोठे पाहुणे येणार असं ठरलं. जावईबापूंना घासूनपुसून लख्ख केलं. फोटोवाला आला. तळाचे प्रमुख साहेब ट्रकसमोर उभे राहिले, मागे वळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही चिंधी कसली लोंबतेय? नवरदेवाच्या कमरेला पोतेरं बांधल्यासारखं दिसतंय."

मामा म्हणाले, "साहेब, ती खीळ आहे."

"मला माहीत आहे खीळ आहे. फोटोपुरती काढा हो. झाला की लावा."

मला चिंधी म्हणाले याचं वाईट वाटलंच. मामांनी मला हळूच ओढून काढलं. त्यांच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून त्यांनी मला मॅडमकडे दिलं. मॅडमनी मला रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. फोटो निघाला. तेवढ्यात मामांना कुणीतरी खुर्च्या आणायला पिटाळलं, आणि पाहुण्यांपैकी एक जण घड्याळ बघत म्हणाला, "तालमीचं प्रात्यक्षिक आत्ताच उरकून घ्या ना, जेवण थंड होतंय."

सगळे लगबगीने नियंत्रण खोलीत गेले. मीही गेले, खिशात बसून. एरवी मी ट्रकमध्ये असते आणि खोलीचा फक्त विचार करते. त्या दिवशी पहिल्यांदाच ती बघायला मिळाली, आणि नको तेव्हा. मॅडमनी उलटी गिनती सुरू केली. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण खिळीला तोंड नसतं.

मॅडमनी बटण दाबलं.

'खट्' झालंच नाही. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, बाहेर एक प्रचंड गर्जना झाली, आणि जावईबापू खरोखरच रुसून निघाले. सरळ सरहद्दीच्या दिशेने.

एका पाहुण्याच्या हातातली टोपी खाली पडली. मॅडमचा हात खिशाकडे गेला. रुमालावरून त्यांनी मला चाचपलं. मित्रांनो, माणसाच्या बोटांतून एवढी थंडी अंगावर येऊ शकते हे मला तेव्हा कळलं.

पलीकडच्या देशाशी आमचं वर्षानुवर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. इकडे शिंक आली तरी तिकडे तोफा वळायच्या. त्यांना पडद्यावर एवढंच दिसणार होतं की शेजाऱ्याने क्षेपणास्त्र सोडलंय. आत वाळू आहे हे त्यांना कोण सांगणार?

खोलीच्या कोपऱ्यात पलीकडच्या तळाशी थेट जोडलेला एक फोन होता. मॅडम त्याच्याकडे निघाल्या, तसे प्रमुख साहेब आडवे आले.

"थांबा. आधी वर विचारू. आपली चूक आहे असं आपण होऊन कसं सांगायचं?"

"सर, वर विचारेपर्यंत ते खाली पडेल."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे, सर. बाजूला व्हा."

साहेब बाजूला झाले. का झाले ते मला आजही कळलेलं नाही. मॅडमनी फोन उचलला. पलीकडून सर्दीने बसलेला एक घोगरा आवाज आला, तिथल्या अधिकाऱ्याचा.

"आमच्याकडून एक सुटलंय," मॅडम म्हणाल्या. "चुकून. तुमच्याकडे येतंय. त्यात स्फोटकं नाहीत, वाळू आहे."

"वाळू?"

"हो. सरावाचं आहे."

"बाई, तुमच्या वाळूवर मी माझ्या गावांची पैज लावू?"

मॅडमनी मला रुमालातून बाहेर काढलं आणि घट्ट मुठीत धरलं. "ते अडवणारी खीळ असते. ती फोटोसाठी काढली होती. माझ्या खिशात राहिली. परत लावायची मी विसरले आणि बटणही मीच दाबलं. ती आत्ता माझ्या हातात आहे. याहून वेगळं मला काही सांगता येत नाही."

मग तो घोगरा आवाज आपल्या माणसांवर खेकसला, "हात काढा सगळ्यांनी. मी सांगेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. पडू दे ते." आणि फोनमध्ये म्हणाला, "ठेवू नका. पडेपर्यंत फोन ठेवायचा नाही."

मॅडमनी ठेवला नाही. दोन देशांमध्ये तेव्हा फक्त दोन माणसांचे श्वास ऐकू येत होते. त्यातला एक चोंदलेल्या नाकाचा.

"पडलं," तो म्हणाला. "धुलाईघराचं छप्पर गेलं."

"माणसं?"

"बघतायत." फोनमधून धावपळीचे आवाज आले. मग म्हणाला, "सगळी बाहेर चादरी वाळत घालत होती. एका आजींचा पाय मोडलाय. तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय त्यांचा. म्हणजे जिवाला धोका नाही."

मॅडम खाली जमिनीवरच बसल्या.

पुढे व्हायचं ते झालं. आमचं सरकार म्हणालं, तांत्रिक बिघाड. त्यांचं सरकार म्हणालं, कट. मला पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. चौकशीत 'चिंधी काढा' असं कोण म्हणालं ते साहेबांना आठवेना. मामांना मात्र शब्दन् शब्द आठवत होता. साहेबांची बदली झाली. मॅडमचं पद गेलं आणि त्यांना सामानाच्या गोदामात ब्लँकेटं मोजायला बसवलं.

काही महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांची बैठक झाली. साक्षीसाठी मॅडमना बोलावलं होतं, आणि मी टेबलाच्या मध्यावर पिशवीत पडले होते. समोर तो घोगरा अधिकारी बसला होता. सर्दी बरी झाली होती, तरी आवाज तसाच. त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं.

"एवढीशी?"

"एवढीशीच," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवलात?"

"आपल्या बाजूने खोटं बोलणारे फार ऐकलेत मी. स्वतःच्या विरुद्ध खोटं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं."

मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "फोन ठेवून मी बाहेर आमच्या ट्रकांकडे गेलो. सगळ्या खिळी काढून झाल्या होत्या. पोरं तयारच होती. एकेक खीळ मी माझ्या हाताने परत लावली. शेवटची लागेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही."

आपल्यासमोरचा पाण्याचा पेला मॅडमनी त्याच्याकडे सरकवला. तो प्याला.

मित्रांनो, पलीकडेही माझ्या बहिणी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या फिती कुठल्या रंगाच्या, त्या मळल्या आहेत का, मला माहीत नाही. पण त्यांचं कामही तेच, वाटेत आडवं पडून राहणं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. जी वस्तू काहीतरी होऊ देत नाही, तिचं काम कधी दिसत नाही. तिला नीट जपा, आणि शोभत नाही म्हणून काढून ठेवू नका. एवढं करूनही हातून चूक झालीच, तर ती ज्याच्या अंगावर चालली आहे त्याला आधी सांगा. वर विचारायला मागाहून वेळ मिळतोच.