येते म्हणायचं नाही

अलकनंदा सबनीसच्या घरातून 'येतो' म्हणून निघालेली माणसं परत येईनाशी झाली, ती परग्रहावरच्या प्राण्याच्या सिनेमाचा सहावा भाग मराठीत आला त्या आठवड्यापासून. सुरुवात इस्त्रीवाल्याने केली. "ताई, साड्या संध्याकाळी घेऊन येतो," म्हणाला आणि जिन्याच्या वळणावर गेला. तिथल्या भिंतीत एक गोल पोलादी दार फुस्स करून उघडलं, तो आत गेला आणि दार मिटलं. ठाण्याच्या त्या जुन्या इमारतीत असलं दार कुणी बसवलं नव्हतं, पण ते होतं. अलकनंदाला आधी हळहळ वाटली ती साड्यांची. माणूस आहे शेवटी.

मग नणंद गेली. हळदीकुंकू लावून घेतलं, "येते गं वहिनी," म्हणाली आणि दाराआड दिसेनाशी झाली. मग नवरा गेला. मुकुंद पिशवी झटकत म्हणाला, "कोथिंबीर घेऊन येतो," आणि चपला घालून निघाला. फोडणी करपेपर्यंत अलकनंदा वाट बघत राहिली. मग गॅस बंद करून ती ओट्यापाशी खाली बसली आणि खूप रडली.

हे सगळं कुठल्या चालीवर चाललंय हे तिला कळत होतं. तिच्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं. सहाही भागांत यानाच्या कॅप्टनबाईला मराठी आवाज तिचा होता. प्रत्येक भागाची रीत एकच. अंतराळात एक यान, आत मोजकी माणसं, कुठेतरी खुट्ट होतं. एकजण म्हणतो, तुम्ही थांबा, मी बघून येतो. तो संपला. त्याला शोधायला दुसरा जातो, तोही संपला. जे शहाण्यासारखे जागेवर बसून राहतात तेही सुटत नाहीत, त्यांच्यावर छतातून त्या प्राण्याच्या लाळेचा जाळणारा थेंब पडतो. शेवटी कॅप्टन तेवढी उरते आणि म्हणते, "सगळे गेले. मी आहे." हे वाक्य अलकनंदाने सहा वेळा त्याच उसाशासकट म्हटलं होतं.

आणि ते 'येतो'सुद्धा तिचंच. पहिल्या भागाच्या वेळी कागदावर 'मी जातो बघायला' असं लिहिलं होतं. तिने माइकसमोरच कानांवर हात ठेवले. घरातून बाहेर पडताना 'जातो' कोण म्हणतं? डायरेक्टर म्हणाला, "मॅडम, हे घर नाही, यान आहे." ती म्हणाली, "यान असलं म्हणून काय झालं? उंबरठा आहे ना? येतो म्हणू दे बिचाऱ्याला." तेव्हापासून सहा भागांत बघायला निघालेली झाडून सगळी माणसं 'येतो' म्हणून मेली.

सोसायटीचे सेक्रेटरी कोटणीस दार बघायला आले. त्यांनी चष्मा पुसून पोलादावर टकटक केलं.

"कमिटीचं मत असं पडलं," ते म्हणाले, "की आत जे काही आहे ते जिवंत राहिलं पाहिजे. दाराला कुलूप लावायचं नाही."

"माझा नवरा आत आहे, कोटणीस."

"हो, ते वाईटच झालं," कोटणीस म्हणाले. "पण प्राणी दुर्मीळ आहे."

सिनेमात यान पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस हेच बोलतो, त्यामुळे अलकनंदाने वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. कोटणीस निघताना "येतो" म्हणाले, ही गोष्ट वेगळी.

मग ती स्वतः गेली. "येते," म्हणाली, दार उघडलं, ती आत शिरली. आत लांबच लांब बोळ होता आणि भिंतीशी चपला नीट काढून ठेवल्या होत्या. माणूस एकही नव्हता. तिने मुकुंदच्या चपला उचलल्या, छातीशी धरल्या आणि तशीच घरी परत आली. तिचा केसही विस्कटला नव्हता. कॅप्टन परत येतेच. असा राग तिला जन्मात कशाचा आला नव्हता.

आता घरात ती आणि मुलगी ऋजुता, दोघीच उरल्या. ऋजुताला विशाखापट्टणमला नोकरी लागली होती आणि आज दुपारची गाडी होती. थांब म्हणावं तर छतातून थेंब गळायला लागला होता, नेमका ऋजुताच्या पलंगावर. अलकनंदाने खाली बादली ठेवली. थेंबाने बादलीला भोक पाडलं, मग फरशीला. तेव्हा मुलीला लवकरात लवकर घराबाहेर काढायला हवं होतं. न बोलता निघायचं म्हटलं तर तीही सोय उरली नव्हती. त्यांच्या घराचं दारही सकाळपासून गोल झालं होतं, आणि निरोप घेतल्याशिवाय ते उघडत नव्हतं.

अलकनंदाने लेकीच्या हातावर दही ठेवलं.

"ऋजू, ऐक. आज 'येते' म्हणायचं नाही. 'जाते' म्हण."

"आई! तुझ्या तोंडावर? मी नाही म्हणणार."

"म्हण म्हणते ना."

"पाच वर्षांची असताना एकदा म्हटलं होतं, तर तू मला उंबऱ्यातून परत घरात घेतलंस, पाटावर बसवलंस, पाणी पाजलंस आणि मग सोडलंस. शाळा बुडाली माझी."

"तेव्हा मी मूर्ख होते. आता म्हण."

ऋजुताने दही चाटलं आणि हात पुसला. तिचे डोळे भरून आले होते. बोलताना तिचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता, हे अलकनंदाच्या लक्षात आलं. मुलीने वाकून नमस्कार केला, बॅग खांद्याला लावली आणि दारासमोर उभी राहिली. तिने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. तिने घशाला हात लावला आणि आईकडे बघितलं.

अलकनंदाने पाठ ताठ केली. मिटल्या ओठांना आवाज द्यायचा नसतो, उघडल्या ओठांना थांबवायचं नसतं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. ती लेकीच्या ओठांकडे बघत राहिली. ऋजुताचे ओठ दोन्हीकडे फाकले. जित्याची खोड. पोरगी 'येते'च म्हणत होती.

"जाते," अलकनंदा ऋजुताच्या आवाजात म्हणाली.

शब्द ओठांवर बसला नाही, पण दार उघडलं. समोर नेहमीचा जिना होता. कोपऱ्यात शेजाऱ्यांची सायकल, कठड्यावर वाळत टाकलेलं पायपुसणं. ऋजुता पायऱ्या उतरली. वळणावरचं पोलादी दार तिला काही न करता बंदच राहिलं. अलकनंदा धावत गॅलरीत आली. मुलगी धडधाकट अंगणात पोचली होती, रिक्षावाल्याने तिची बॅग आत ठेवली होती. अलकनंदाला इतका आनंद झाला की ती कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली.

रिक्षात पाय ठेवता ठेवता ऋजुताने वर बघितलं. तिने हात हलवला आणि तिचे ओठ पुन्हा दोन्हीकडे फाकले, सावकाश, आईला नीट दिसावेत असे.

अलकनंदाच्या गळ्यात लेकीचा आवाज भरून आला. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. खाली ऋजुता ओठ तसेच उघडे ठेवून उभी होती.