माश्यांसाठी वाजलेला हॉर्न

मित्रांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या पायांच्या जागी चाके आहेत. तुमच्या पोटात चाळीस मुले बसली आहेत आणि त्यातली निम्मी एकाच वेळी ओरडत आहेत. कोणाची तरी पाण्याची बाटली सांडली आहे. मागच्या बाकावर कोणीतरी डबा आताच उघडला आहे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला आहे. तुम्हाला मात्र मागे वळून पाहता येत नाही, कारण तुमचे दिवे पुढच्या बाजूला आहेत. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला सहज समजेल.

मी एक जुनी शाळेची बस आहे. कारखान्यात माझा सांगाडा कसा घडला, ते आता आठवत नाही. नव्या पिवळ्या रंगाचा वास तेवढा आठवतो. अणदूरच्या आसपासच्या वस्त्यांवरून मुलांना शाळेत न्यायचे आणि दुपारी परत सोडायचे, हे माझे काम. माझा चालक राजपाल. तो वस्तीजवळ आला की दोनदा हॉर्न वाजवी, पीं-पीं, आणि घराघरांतून मुले धावत येत. एखादीची एकच वेणी घातलेली असे, एखाद्याच्या हातात अर्धी भाकरी असे. रस्ता खणलेला असला तर राजपाल मला गिरणीपाशी उभी करी, पाणी साचले असले तर देवळामागे. हॉर्न वाजला की मुले बरोबर मला शोधून काढत. दसऱ्याला माझ्या तोंडाला झेंडूची माळ घालत आणि शाळेच्या बाई म्हणत, "हिनं एकाही लेकराला कधी उशीर केला नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पण गाड्यांनाही वय असते. एका वर्षी सरकारी तपासणीत सांगितले गेले, की आता हिच्यात मुले बसवायची नाहीत. तेव्हापासून मी शाळेमागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. पायरीपर्यंत गाजरगवत वाढले. दुपारच्या सावलीला शेळ्या येऊन बसत, तेवढीच सोबत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. कलिंगड घेताना माणसे टिचकी मारून आवाज ऐकतात ना, तशी तो मला टिचकी मारून बघे.

तिसऱ्यांदा आला तो राजपाल. बरोबर त्याची बायको पौर्णिमा होती. तिने मधमाश्या पाळण्याचे शिक्षण घेतले होते. जिथे फुलोरा असेल तिथे ती आपल्या माश्यांच्या पेट्या घेऊन जाई. पण दर खेपेला टेम्पो शोधायचा, पेट्या चढवायच्या, उतरवायच्या आणि रानात ताडपत्रीखाली झोपायचे. ती या सगळ्याला कंटाळली होती.

"हितं बघ," राजपाल म्हणाला. "तुझ्या पेट्या मागं, आपला संसार पुढं. कसं वाटतंय?"

"आन् मधी तुमी," पौर्णिमा म्हणाली, "हॉर्न वाजवत."

दोघेही हसले, आणि मी भंगारात जायची वाचले.

मग मी वीरभद्रच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. त्याने एकेक बाक खोलला तेव्हा खालून काय काय निघाले म्हणून सांगू! खोडरबरे, चिंचोके, केसांच्या क्लिपा, एक मोजा आणि दगडासारखा झालेला लाडू. "राजपाल," वीरभद्र म्हणाला, "ह्या गाडीत लेकरं बसत व्हती का उंदरं?"

तो लोखंड कापू लागला की ठिणग्या उडत आणि मला धडकी भरे. पण वीरभद्रचा हात हलका होता. त्याने माझ्या मधोमध बारीक जाळीची भिंत उभी केली. पुढच्या भागात दोन पलंग बसवले, त्यांच्या पोटात कपड्यांचे आणि धान्याचे कप्पे केले. गॅसची शेगडी हलू नये म्हणून तिला पट्ट्या मारल्या. टपावर पाण्याची टाकी बसली. एक बाक मात्र राजपालने काढू दिला नाही, तो टेकून जेवायला ठेवला. मागचा भाग सामानाचा. तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आल्या. त्यांच्यावर पेट्या अशा बसल्या, की प्रत्येक पेटीचे दार एकेका खिडकीतून बाहेर उघडे. खिडक्यांच्या काचा गेल्या आणि त्या जागी वर सरकणाऱ्या छोट्या झडपा लागल्या. मधाचे डबे मागच्या दारापाशी राहिले. पिवळा रंग शाळेच्या बसचा, म्हणून कागदपत्रे बदलताना मला पांढरा रंग दिला. आरशात बघून मला वाटले, ही कोण बाई?

त्यानंतर माझे दिवस मजेत जाऊ लागले. पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आधी, झडपा बंद करून आम्ही निघत असू आणि लांबच्या नव्या रानात जाऊन थांबत असू. तुरीचा फुलोरा, सूर्यफूल, मग करडई. पूर्वी माझ्या पोटात चाळीस मुले गोंगाट करत, आता हजारो माश्या गुणगुणत. पौर्णिमेची दहा वर्षांची मुलगी संघप्रिया शाळा असेल तेव्हा अणदूरला आजीकडे राही. सुट्टी लागली की ती माझ्याकडे येई, राखून ठेवलेल्या बाकावर पाय पसरून बसे आणि जाळीतून माश्या बघे.

सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आले, त्या सुट्टीत आम्ही सास्तूरजवळ बलभीमरावांच्या रानात होतो. करडई पिवळी-केशरी फुलली होती. बलभीमरावांना माश्या काही पसंत नव्हत्या. फुलातला रस गेला की दाणा पोचट होतो, असे त्यांचे मत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी शेजारच्या रानात उलटेच घडलेले पाहिले होते, म्हणून त्यांनी आम्हाला जागा दिली होती.

शनिवारी सकाळी अणदूरहून फोन आला, की आजीच्या, म्हणजे केशरबाईंच्या, डोळ्याचे ऑपरेशन आहे. पौर्णिमा निघाली. जाताना तिने संघप्रियाच्या हातात आपली जाळीची टोपी दिली.

"माशा तुझ्या हवाली," ती म्हणाली. "पप्पाला गाडी कळती, माशा न्हाय कळत."

"ऐकायलोय म्या," राजपाल आतून ओरडला.

"ऐका म्हणूनच मोठ्यानं बोलले."

दुपार कलली आणि बलभीमराव बांधावरून आले. "राजपाल, गाडी जरा त्या लिंबाखाली घे. तुरीची गंज हितंच लावायची हाय. मळणीचं मशीन ह्याच बाजूनं येतं."

"घेतो की. त्यात काय!"

"पप्पा," संघप्रिया म्हणाली, "आईला इचारू का?"

तिने फोन लावला. पौर्णिमा दवाखान्यात होती, फोन बंद होता.

"अगं, गाडी इथनं तिथं न्यायला आईला कशाला इचारायचं? आख्खं आयुष्य गाडी लावण्यात गेलं माझं." राजपालने चावी फिरवली आणि मला समोरच्या कडुलिंबाखाली नेले. माश्या तेव्हा रानात होत्या. खरे सांगते मित्रांनो, मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. लिंब तर समोरच होता. माश्या येतील, मला बघतील आणि आत शिरतील, असे मी धरून चालले.

मजूर बायकांनी तुरीच्या पेंढ्या आणून मी होते त्या जागी रचायला सुरुवात केली. गंज कमरेइतकी झाली असेल नसेल, तोच एक बाई किंचाळली. मी समोर पाहिले. जिथे मी उभी होते, तिथे हवेत माश्याच माश्या होत्या. त्या कशाही फिरत नव्हत्या. माझ्या खिडक्या ज्या उंचीवर होत्या, बरोबर त्या उंचीवर त्या दोन ओळींत तरंगत होत्या आणि दार शोधत होत्या. जणू हवेत माझा आकार उभा होता आणि मीच तिथे नव्हते.

बायका पेंढ्या टाकून पळाल्या. राजपाल धावत आला, चालकाच्या जागेवर चढून बसला आणि त्याने काय केले असेल? हॉर्न वाजवला. पीं-पीं!

माश्या हलल्या नाहीत. त्याने पुन्हा वाजवला.

"आरं ए!" बलभीमराव बांधावरून ओरडले. "माशा हायत त्या! पैली-दुसरीची लेकरं न्हायत!"

"येत्याल, येत्याल. थांबा जरा." राजपालने आणखी लांब हॉर्न दिला. पळालेल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

संघप्रिया हसली नाही. ती आकाशाकडे बघत होती. दिवस बराच खाली आला होता आणि वाऱ्याला थंडीची धार चढली होती. माश्या दमून गंजीवर उतरू लागल्या. आधी मुठीएवढा घोस, मग फणसाएवढा.

तेवढ्यात फोन वाजला. संघप्रियाने एका दमात सगळे सांगितले. पलीकडून पौर्णिमेने विचारले,

"किती लांब नेली गाडी?"

"लिंबापत्तूर."

"बाळा, माशी गाडी वळखत न्हाय, जागा वळखती. लांबच्या रानात नेली तर नवी जागा शिकती, पण थोडकी हलवली तर जुन्याच जागी येती. रातच्या थंडीत भाईर ऱ्हाइल्या तर सकाळी एक न्हाय दिसायची. गाडी व्हती तिथंच परत न्या. दिवस हाय तवर."

मित्रांनो, मी आपली समजत होते, की माश्यांचे घर म्हणजे मी. थोडे वाईट वाटले. पण रुसून बसायला वेळ नव्हता, आणि रुसून मी जाणार तरी कुठे होते?

"बलभीमकाका," संघप्रिया धावत गेली, "गंज काढावी लागंल."

"काढावी लागंल? आत्ता तर रचलीया! माशांपायी मोडू व्हय? थांब, पोतं पेटवून धूर देतो, जातील कुठं जायच्या तिथं."

"वाळल्या तुरीत जाळ?" द्वारकाबाई पुढे आल्या. "डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं?"

ही बोलाचाली चालू असताना संघप्रियाने आईची टोपी डोक्यावर चढवली. ती तिला इतकी मोठी होती, की जाळी पार पोटापर्यंत आली. ती गंजीपाशी गेली. तिने एक पेंढी हळूच उचलली, आपटू न देता बांधावर नेऊन ठेवली आणि दुसरीसाठी परत आली.

द्वारकाबाईंनी पदर तोंडाभोवती घट्ट गुंडाळला.

"अगं, चावत्याल!" बलभीमराव म्हणाले.

"चावू द्या. तुमच्या बोलण्यापरीस हलकंच लागंल."

मग राजपाल गेला. शेवटी कुरकुरत, डोक्याला उपरणे बांधून, बलभीमरावही आले. त्यांना दोन ठिकाणी डंख बसला, पण त्यांनी पेंढी टाकली नाही. माश्यांसकट पेंढ्या एकेक करून बांधाकडे गेल्या आणि माझी जागा मोकळी झाली. पेंढ्या हलल्या तशा माश्या पुन्हा उठल्या आणि त्याच जागेवर घुटमळू लागल्या.

राजपालने मला चालू केले. या वेळी हॉर्नला त्याने बोटही लावले नाही. संघप्रिया मागे उभी राहून हात हलवत होती.

"येऊ द्या, येऊ द्या. डावीकडं, पप्पा. ती उजवी झाली, डावीकडं! आता सरळ. अजून एक ईत मागं... बास!"

माझी चाके आपल्या जुन्या खळग्यांत बसली. एक क्षण काहीच झाले नाही. मग पहिली माशी खिडकीच्या फळीवर उतरली. तिच्यामागे दुसरी. आणि मग पोत्याचे तोंड सुटून ज्वारी घरंगळावी, तशा त्या खिडक्याखिडक्यांतून आत येऊ लागल्या. माझे पोट गुणगुणू लागले. इतकी वर्षे इतकी मुले चढली-उतरली, पण कोणी परत आल्याचा एवढा आनंद मला झाला नव्हता. राजपालने खाली उतरून कपाळ माझ्या पत्र्याला टेकवले.

"गंज तिकडंच बांधाला लावू," बलभीमराव सुजलेले बोट चोखत म्हणाले. "मशीन फिरवून आणू. काय व्हतंय त्याला!"

द्वारकाबाई लगेच पेंढ्या सारख्या करू लागल्या. त्या गालातल्या गालात हसत असाव्यात, पण पदरामुळे नीट दिसले नाही.

मित्रांनो, एवढ्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत मला एक कळले आहे. आपल्या हवाली केलेला जीव आपल्याला ओळखेलच असे नाही. तो आपल्या हाकेला येईलच असेही नाही. त्याला कशाची ओळख आहे, हे आपणच शिकून घ्यायचे आणि तिथे जाऊन उभे राहायचे. म्हणून तुमच्या घरी मांजर असो, रोप असो की माझ्यासारखी जुनी गाडी, तिला हाक मारण्याआधी तिच्याकडे नीट बघा.

सूर्य टेकला. राजपाल एकेक झडप खाली सरकवू लागला. बायका घराकडे निघाल्या. तेवढ्यात संघप्रिया बांधापाशी थबकली. तिने सगळ्यांत आधी उचललेली पेंढी तिथे पडली होती. तिच्या एका फाट्याला मूठभर माश्या चिकटून होत्या. थंडीने त्यांचे पंख उघडत नव्हते.

"ऱ्हाऊ दे, पोरी," बलभीमराव म्हणाले. "मूठभर तर हायत. बाकीच्या गेल्या की घरला."

संघप्रियाने ती पेंढी दोन्ही हातांवर आडवी घेतली. भरलेली घागर न्यावी तशी ती पावले मोजून टाकत आली. तिने पेंढीचे टोक माझ्या शेवटच्या उघड्या खिडकीला टेकवले आणि खालून खांद्याचा आधार देऊन उभी राहिली. पेटीतली ऊब बाहेर येत होती. ती लागताच एक माशी हलली आणि चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या, एकेक, पायीपायी. राजपाल झडपेला हात लावून थांबला. अंधारून आले तरी संघप्रिया हलली नाही. शेवटची माशी आत गेली, तेव्हा तिने पेंढी खाली घेतली, मोबाईलच्या उजेडात तिचा एकेक फाटा वळवून पाहिला, कोणी राहिलेले नाही याची खात्री केली आणि मगच स्वतःच्या हाताने माझी झडप लावली.