डाव्या हाताच्या कमांड

कंपनीचा माणूस चंदनाचा जुना लॅपटॉप घेऊन गेला आणि नवा ठेवून गेला, तेव्हा तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. निपाणीत घरी बसून ती पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकली की तिची सगळी मांडणी नव्या मशीनवर आपसूक उतरणार होती. रंग, अक्षरं, आणि मुख्य म्हणजे डाव्या हाताच्या कमांड.

संकेश्वरजवळ स्कूटर घसरली तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. त्या वेळी ती बेळगावात नोकरीला होती. ऑफिसात शेजारी बसणारा शिवराज, वडगावच्या विणकराचा मुलगा, दवाखान्यात तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायचा. लांबलचक कमांडच्या जागी त्यानं दोन-तीन अक्षरं ठेवली, तीही कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यातलीच. "हे टाकून बघ गं," म्हणायचा. तिचं बोट अडखळलं की पुसून दुसरं करायचा. पट्टी सुटायच्या आधी ती कामाला लागली होती.

पुढं त्याला नेदरलँड्सला नोकरी लागली. जायच्या आधी तो निपाणीला आला.

"चंदना, येतीस काय माझ्यासंगं?"

तोंडापर्यंत आलेला होकार तिनं गिळला. आपल्या हाताकडं बघत म्हणाली, "दया आली म्हणून न्यायला निघालास व्हय?"

शिवराज चहा तसाच टाकून उठला. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही.

आता नव्या लॅपटॉपवर तिनं ती ओळ टाकली आणि उत्तर आलं, परवानगी नाही. मांडणी शिवराजच्या इंटरनेटवरच्या खात्यात होती. नव्या मशीनला त्यानं मान्यता दिल्याशिवाय ती उघडणार नव्हती. सगळं नव्यानं लिहून काढावं म्हणून चंदना बसली, पण आठवेना. त्या कमांड तिच्या बोटांना पाठ होत्या, डोक्याला नव्हत्या. दोन दिवस एका हातानं लांब कमांड बडवून मनगट भरून आलं. शेवटी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं फोन लावला.

"चंदना?" पलीकडून आवाज आला. "लई दिवसांनी गं!"

"काम होतं म्हणून केला," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. "नव्या मशीनला तेवढी परवानगी दे. तू आता ते वापरत नसशीलच..."

"वापरत न्हाय म्हणून कोण म्हणालं? घरच्या मशीनवर, ऑफिसातल्या, सगळीकडं तेच हाय. हितली माणसं विचारत्यात, दोन हात धड असून एकाच हातानं काय बडवतोस म्हणून."

"मग काय सांगतोस?"

"सवय झालीया म्हणतो."

परवानगी आली. तिनं ओळ टाकली आणि पडद्यावर अक्षरं भराभरा उतरू लागली. तिनं कधी न बघितलेल्याही काही कमांड त्यात होत्या. शिवराजनं तिकडं गेल्यावर, स्वतःच्या कामासाठी केलेल्या. सगळ्या डाव्या बाजूच्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं का सगळं?" त्यानं विचारलं. "आता तुझ्या खात्यात वेगळी प्रत करून ठेव. परत माझ्यावाचून अडायला नको."

"नको," चंदना म्हणाली. "असू दे तुझ्याच खात्यात." मग धीर करून म्हणाली, "शिवराज, त्या दिवशी मी जे बोलले, ते मनातलं नव्हतं रं."

"उन्हाळ्यात येतो मी," तो म्हणाला. "निपाणीला येऊ?"

"ये."

फोन ठेवल्यावर आईनं आतून विचारलं, कोण होतं गं? "शिवराज," चंदनानं सांगितलं.

हल्ली सकाळी लॅपटॉप उघडला की ती आधी शिवराजनं मांडणीत काही नवं घातलंय का ते बघते. बहुतेक दिवशी काहीच नसतं. एखाद्या दिवशी दोन अक्षरांची कमांड असते. गरज असो नसो, ती लगेच वापरून बघते. उन्हाळा अजून बराच लांब आहे.