खिळ्यावरचा बिल्ला

बोगद्याच्या कामावर तिला सगळे यंत्रवाली म्हणत. आत खोलवर सिग्नल पोहोचत नसे, म्हणून तिने बारा कामगारांच्या कमरेला बारा छोटी यंत्रं दिली होती. एकाचा निरोप दुसऱ्याचं यंत्र पुढे पाठवी आणि तो असा हातोहात आत-बाहेर जाई. पण दुसऱ्याचा निरोप वाहायचा तर बॅटरी खर्ची पडते. कुणा एकावर अन्याय नको म्हणून तिने नियम केला: सकाळी ज्याची बॅटरी जास्त भरलेली, त्याने पाळीभर जास्त ओझं वाहायचं. आणि जे यंत्र बंद पडेल ते यादीतून आपोआप गळायचं. मेलेल्या यंत्राला हाका मारण्यात बाकीच्यांनी आपली बॅटरी का घालवायची? या नियमांचं तिला भारी कौतुक होतं.

त्या बारा जणांत तिचे बाबा होते. खडकाला भोकं पाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण खोड जुनी. पूर्वी आत जाताना प्रत्येक जण आपला पत्र्याचा बिल्ला बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या फळीवरच्या खिळ्याला अडकवी आणि बाहेर आल्यावर काढून घेई. यंत्रं आली तशी सगळ्यांनी ती कटकट सोडली. बाबांनी सोडली नाही.

"बाबा, ती फळी आता सरपणात घालू," ती सकाळीच हसली होती. आदल्या दिवशी तिने त्यांच्या यंत्रात नवी कोरी बॅटरी घातली होती. लेकीचा जीव, दुसरं काय.

दुपारी सुरुंग उडवायची वेळ झाली. बाहेर आलेले कामगार डबे घेऊन सावलीला पांगले होते. पडद्यावर आलं: अकरापैकी अकरा बाहेर.

"सगळे आले ना गं?" मुकादमाने बटणावर बोट ठेवत विचारलं.

"आले," ती म्हणाली आणि सहज मागे वळली.

खिळ्यावर बिल्ला लटकत होता.

तिने दोन्ही हातांनी मुकादमाचं मनगट धरलं आणि मागे खेचलं. त्याने फळीकडे पाहिलं आणि बॅटरीचा दिवा घेऊन स्वतःच आत धावला.

पाव तासाने बाबा धुळीने माखून बाहेर आले, तेही कुरकुरत.

"कसली बॅटरी घातलीस कोण जाणे. दहालाच बसली, बाहेर या म्हणून निरोपही आला नाही. जुनी दिवसभर पुरायची."

तेव्हा तिला उमगलं. नवी बॅटरी सकाळी सगळ्यांत भरलेली, म्हणून अकरा जणांचं ओझं तिच्यावर पडलं. ती बॅटरी संपली आणि यंत्रवालीने स्वतःच केलेल्या दुसऱ्या नियमाने बाबांना यादीतून पुसून टाकलं.

बाबांनी रोजच्यासारखा बिल्ला काढून खिशात टाकला. "जेवलीस का?"

"बाबा, सगळे आले म्हणून मी सांगितलं होतं."

त्यांचा हात खिशातच राहिला.

"रोज अकरा खिळे रिकामे राहतात," ते म्हणाले. "उद्या सकाळी तू स्वतः फळीपाशी उभी राहा आणि प्रत्येकाचा बिल्ला अडकवून घे."