पोरी, सोड त्याचा हात

अकरा साल मी झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक केला आणि अकरा साल लोकाईच्या शिव्या खाल्ल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि जिथी मंडई तिथी नाटक. लोक धानाच्या तणसावर, बोऱ्यावर बसून पाहतात आणि सगळं खरं मानतात. मी स्टेजवर विधवेचं वावर हडपलं का दुसऱ्या दिवशी त्या गावचा चहावाला मले चहा देत नव्हता. आरमोरीच्या यष्टीत एका बाईनं माह्या बाजूची सीट सोडली आणि पोरीले घेऊन वडशापर्यंत उभी राह्यली. माही बायको नसीम हापशीवर गेली का बाया तिले विचारत, "मारते का वो तुले?" आमच्या घरी कोण कोणाले मारते ते मी इथी सांगत नाई.

मी कय्यूम. बाकीचे महिने वडशाच्या बाजारात शिलाई मशीन चालवतो. आवाज भारी, डोळे मोठे, भुवया जाड. देवाजीभाऊनं मले पहिल्यांदा पाह्यलं तवा म्हणलं होतं, "याले मेकअपचा खर्च नाई." देवाजीभाऊ म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. कंपनी लहान, पण माणूस शब्दाचा पक्का. अठ्ठ्याण्णवच्या पोळ्याले त्यानं बाराव्या सिझनसाठी स्टँपपेपरवर करार केला. सिझनभर खलनायक करायचा, दुसऱ्या कंपनीच्या स्टेजवर पाय ठेवायचा नाई. मी झोकात सही ठोकली.

दसरा झाला, आणि वडशाच्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर गोपाल माह्या मशीनसमोर येऊन बसला. त्याईचा हिरो मोटरसायकलवरून पडून पाय प्लास्टरात घालून बसला होता.

"कय्यूमभाऊ, हिरो करता काय?"

मले वाटलं हा माही मजाक करून राह्यला. मी म्हणलं, "गोपाल, पँट अल्टर करायची असन तर दे, नाई तर चालू लाग."

"खरंच म्हणतो. उर्वशीसमोर टिकन असा आवाज वडशात दुसरा कोणाचा आहे सांगा."

उर्वशी त्याईची हिरोईन. ती गायला लागली का मागच्या रांगेतलं पोट्टंबी चूप बसते. मी पायडल मारणंच विसरलो. अकरा साल मी विंगेत उभं राहून पाह्यलं होतं, हिरो आला का टाळ्या आणि मी आलो का "तुह्या तोंडाले आग लागो". एकदा, फक्त एकदा, कोणीतरी माह्यासाठी टाळी वाजवावी, एवढंच मले पाहिजे होतं. बेचाळीस वर्षाच्या माणसानं हे सांगायची लाज वाटते, पण होतं ते असंच होतं.

पण सहीचं काय? मी देवाजीभाऊले चुकवत फिरायला लागलो. नमाजलेबी मागच्या गल्लीतून जात होतो. शेवटी नसीम चिडली. आमच्या घरी हिंदी चालते. ती म्हणाली, "साइन तुमने किया है, तो मुंह पे जाके बोलो. चोर के जैसे काहे को घूम रहे?" मग म्हणाली, "और हाँ, हीरो बन के दिखाओ मेरेको एक बार."

गेलो. देवाजीभाऊ खाटेवर नवे पोस्टर पसरून बसला होता. मधात माहा फोटो, डोळे लाल, हातात चाकू. "पाह्य," तो म्हणाला, "या साली तुह्यं नाव हिरोच्या वर टाकलं." एवढा खुश होता तो का मले माघारी फिरावंसं वाटलं. पण थांबलो असतो तर कधी बोललोच नसतो.

"भाऊ, मी या साली तुमच्यासंग नाई. मोठ्या कंपनीत हिरो करतो."

तो आधी हसला. मग हसणं गेलं. "सही काय पाण्यावर केली होती का बे?"

"नाई."

"मी तुले काही कमी केलं काय?"

"काहीच नाई."

"मंग काऊन?"

"टाळीसाठी," मी म्हणलं. "बाकी सगळं तुमी देलं, भाऊ. टाळी काही तुमच्या हातात नव्हती."

त्यानं पोस्टर गुंडाळून बाजूले ठेवलं. मग पेटीतून करार काढला आणि माह्यासमोर टराटरा फाडला. "जा. मी सोडलं तुले. पण पब्लिक नाई सोडणार, ध्यानात ठेव. तू हिरोईनचा हात धर, आणि पाह्य काय होते."

मलेबी तिडीक गेली. मी म्हणलं, "मंग पाहाले या."

"येतो ना. पहिल्याच रांगेत बसतो."

पहिला प्रयोग चामोर्शीकडच्या एका गावात होता. पांढरा शर्ट, बारीक नकली मिशी, केसात मधून भांग. नसीमनं स्वतः शर्टाले इस्त्री केली होती आणि ती बायांच्या बाजूले बसली होती. मी एंट्री घेतली. टाळी नाई, शिटी नाई. नुसती कुजबुज. "अरे, हा तर तोच."

मी पुढं झालो, उर्वशीचा हात धरला आणि आवाज लावला, "सुमन, माझ्यावर विश्वास ठेव."

बायांतून एक म्हातारी उठली. "पोरी, सोड त्याचा हात!"

झालं. अख्खं मैदान उठलं. "त्यानं विधवेचं वावर खाल्लं वो." "मागच्या साली मास्तरचा खून यानंच केला, म्या डोळ्यानं पाह्यला." उर्वशी दातात बोलली, "भाऊ, आता काय करू?" विंगेत गोपाल डोकं धरून खाली बसला. आणि पहिल्या रांगेत देवाजीभाऊचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

त्यातच खरा खलनायक आला. हडकुळं पोट्टं, मिशीबी धड बसली नव्हती. त्याले पाहून लोक म्हणे, "बापू, वाचव रे त्या पोरीले." आणि त्याले टाळी पडली. माहावाली टाळी, आणि त्याले.

माह्या डोक्यात शॉटच गेला. नाटक ठेवलं बाजूले आणि सरळ स्टेजच्या काठावर आलो. त्या म्हातारीले विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

"गुणाबाई. काऊन?"

"गुणाबाई, अकरा साल मी तुमच्या शिव्या खाल्ल्या, एकदाबी उलटून बोललो नाई. आज मी हिरो आहे. या पोरीचं मी काई वाकडं करणार नाई."

"असाच गोड बोलून त्या मास्तरले नेलं होतं तुनं."

लोक हसले. मलेबी हसू आलं, पण आता मागं हटायची सोय नव्हती. "मंग असं करा," मी म्हणलं, "तुमीच वर या. पोरीजवळ बसा. मी काई गडबड केली तर काठी हाणा."

मले वाटलं म्हातारी लाजन. ती चढली. चार लोकाईनं धरून वर घेतली, गोपालनं खुर्ची देली, आणि गुणाबाई काठी आडवी धरून उर्वशीच्या बाजूले बसली. नाटक पुढं सुरू झालं. मी जवळ गेलो का काठी वर. "दुरून बोल." प्रेमाचं गाणं मी काठीच्या पल्ल्याबाहेर राहून नाचलो, उर्वशीले गाताना हसू आवरेना, आणि लोक पोट धरून लोळत होते. मग मारामारी आली. त्या हडकुळ्यानं उर्वशीले ओढलं, मी मधात पडलो, आणि ठरल्याप्रमाणं त्याचा मार खाऊन खाली पडलो. गुणाबाईनं दोन क्षण पाह्यलं. मग उठली आणि काठी त्याच्या पाठीत अशी घातली का ते पोट्टं जे विंगेत पळालं ते पुढचा संवाद म्हणायलेबी आलं नाई.

म्हातारी माह्याजवळ वाकली. पदरानं माहा घाम पुसला. "लागलं काय रे?"

खरं सांगतो, मी संवाद विसरलो. तोंडातून नुसतं "नाई, माय" निघालं.

शेवटी लग्नाचा सीन. हार घातले, आणि हिरोईनचा बाप पोरीचा हात हिरोच्या हातात द्यायला पुढं आला. गुणाबाईनं त्याले काठीनं बाजूले सारलं. उर्वशीचा हात स्वतः धरला, माह्याकडे वरून खाली पाह्यलं, आणि विचारलं, "नीट सांभाळशीन ना?"

"सांभाळीन."

तिनं हात माह्या हातात देला. मग लोकाईकडे वळून म्हणाली, "सुधरला बाप्पा हा. वाजवा ना बे टाळ्या, काय पाहून राह्यले?"

आणि वाजल्या. बायांतून वाजल्या, गड्यांतून वाजल्या, तंबूच्या बाहेर पानठेल्यावर उभे होते त्याईनंबी वाजवल्या. नसीम उभी राहून वाजवत होती. देवाजीभाऊचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं, पण वाजवत तोबी होता. मी रडायला लागलो. हमसून हमसून रडलो, आणि त्यात माही मिशी निघून उर्वशीच्या हाराले चिकटली.