ओली फडकी आणि पिवळा ड्रम

मित्रांनो, मालवाहू जहाजाच्या डेकवर उभा असलेला मी एक जुना पिवळा ड्रम आहे. माझे तोंड रुंद आणि झाकण पेचाचे. रसायनाचा एखादा डबा वाटेत फुटला, तर तो अख्खा पोटात घ्यायचा, एवढ्यासाठीच मला बनवले. सुरुवातीला खलाशी मला कौतुकाने पुसत. पण काही फुटेचना. मग मी त्यांचे बसायचे स्टूल झालो आणि पुढे तर ते माझ्यात डेक पुसायची ओली फडकी कोंबू लागले.

आमच्या सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, बायको नुकतीच वारली होती. तिचा धाकटा भाऊ याच जहाजावर खलाशी होता. निघताना सासूबाई सारंगाला एवढेच म्हणाल्या होत्या, की लेक तर गेली, आता मुलाला तेवढे नीट परत आणा.

बंदर दिसू लागले आणि एका कंटेनरमधून उग्र वास येऊ लागला. लाटांच्या हिसक्यांनी आतला एक डबा चेपून उसवला होता. राखाडी खडे सांडले होते. माल पक्का बंद होईपर्यंत आत येऊ नका, असे बंदराने कळवले.

डेकवर काही सांडले की पाणी मारायचे, हे खलाशांच्या अंगवळणीच पडलेले. मेहुण्यानेही पाण्याचा पाइप ओढला. सारंगाने त्याचे मनगट धरले.

“पाणी नको. या खड्यांना पाणी लागलं की पेटणारा वायू सुटतो. डब्यावरचं निळं चिन्ह बघ.”

कंटेनरची दारे उघडून वारा खेळू दिला आणि मला जवळ आणले. झाकण निघाले, आतली ओली फडकी बाहेर आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“दाजी, हा आतून ओला आहे.”

“मग पूस. जावई पहिल्यांदाच घरी येतोय असं समजून पूस.”

“तुम्ही आलात तेव्हा आम्ही एवढं पुसलं नव्हतं.”

बायको गेल्यापासून सारंग पहिल्यांदा हसला. कोरड्या चादरींनी दोघांनी मला घासून पुसले. शेवटची चादर सारंगाने गालाला लावून पाहिली.

“कपडे वाळले का, ते तुझी ताई असंच बघायची,” तो म्हणाला. “आता कोरडा आहे.”

मग तोंडाला मास्क लावून दोघे कंटेनरमध्ये गेले. ठिणगी उडू नये म्हणून खडे लाकडी फावड्याने माझ्यात भरले. फुटका डबा उचलून हळूच माझ्यात ठेवला. झाकण घट्ट फिरले. मी श्वास रोखून होतो, पण आत काहीच झाले नाही. थोड्या वेळाने, इतका वेळ पिपाणत असलेले वायू मोजायचे यंत्रही गप्प झाले. बंदराने परवानगी दिली आणि सारंगाने तोंडावरचा मास्क काढला.

“आईला फोन कर,” तो मेहुण्याला म्हणाला. “सुखरूप पोचलो म्हण. बाकीचं घरी गेल्यावर मी सांगतो.”

मित्रांनो, क्रेनने मला आता धक्क्यावर उतरवले आहे. माझ्या जागी जहाजावर दुसरा ड्रम येईल. तो नुसता उभा दिसला, तर त्याला निकामी समजू नका. त्याच्यात काही कोंबू नका. त्याला कोरडा ठेवा आणि रिकामाच राहू द्या.